जेवलासा का, पावणं?

हे मी रागात लिहितोय. कुठं शब्द वाकडा गेला तर जाऊ दे, मी सरळ करणार नाही.

क्रांतीबद्दल लिहायचंय. तिला राग आला की ती ओरडत नाही, हे आधी सांगून टाकतो. आमच्या कोल्हापुरात माणूस प्यायला पाणी मागतानाही पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल असं मागतो, त्यामुळं ओरडण्याचं इथं कुणाला काही वाटत नाही. क्रांती रागावली की तिचा आवाज खाली येतो आणि ती समोरच्याला अहोजाहो करायला लागते. ‘वायऱ्या, मुडद्या, कुठं उलथलतास’ असं ती मला म्हणते तोवर माझं बरं चाललेलं असतं. ‘तुमी’ म्हणाली की समजायचं, संपलं.

शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत ती कोअर बनवते. लोखंड ओतताना आत पोकळी राहावी म्हणून वाळूचे जे ठोकळे साच्यात ठेवतात, ते. त्या खात्यात सगळ्या बायकाच. एक नवीन सुपरवायझर आला होता, तो बायकांना शिट्टी मारून बोलवायचा. क्रांतीनं एक दिवस हातातलं काम खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि अगदी हळू विचारलं, की साहेब, तुमच्या घरात कुणाकुणाला शिट्टी मारून बोलवतात. एवढंच. त्या गड्यानं पुढं आयुष्यात शिट्टी मारली नसेल, सिनेमातसुद्धा.

मी तिला ओळखतो तो केबलमुळं. वायऱ्या हे माझं नाव नव्हे, तिनं ठेवलेलं. शाहूपुरीत गणपतरावांची केबल होती आणि मी गच्च्यांवरून वायरी ओढत हिंडायचो. आता लोक मला फायबरवाला म्हणतात, पण काम तेच, गच्च्या तेवढ्या उंच झाल्या. त्या काळी प्रत्येक केबलवाल्याचा आपला एक चॅनेल असायचा. त्यावर कॅसेट लावायची, मधेच साड्यांच्या सेलची जाहिरात, पाणी येणार नसल्याची सूचना, कुणाची म्हैस सुटली असेल तर तेही. या सूचना वाचायला गणपतरावांना स्वच्छ आवाजाचं माणूस पाहिजे होतं. समोरच्या खानावळीतली धोंडुबाईची पोरगी कॉलेजला जायची, आवाज खणखणीत होता. अशी क्रांती आमच्यात आली.

मग एकदा गणपतरावांनी कुठनं तरी जपानी कार्टूनच्या कॅसेटी आणल्या. रविवारी सकाळी पोरांसाठी लावायचं ठरलं. बोलणं सगळं जपानी. खाली इंग्रजीत काहीतरी उमटायचं, पण ते टीव्हीच्या चौकटीखाली अर्धं गडप व्हायचं. पहिला भाग लावल्याबरोबर फोन सुरू झाले. हे काय लावलंय, कुणाच्या बापाला कळतंय का, अशी फुलं वाहायला लागले लोक. गणपतरावांनी सूचनांचा माइक उचलून क्रांतीच्या हातात दिला आणि म्हणाले, ‘बोल काय वाटंल ते.’

ती बोलली. चित्र बघत, तिथल्या तिथं. बाईचं बोलली, बाप्याचं बोलली, राक्षसाचं बोलली, घोड्याचंसुद्धा बोलली. जपानी कुणालाच येत नव्हतं, त्यामुळं चुकलं असं म्हणणारं कुणी नव्हतं.

गोष्ट अशी, की डोंगरातल्या खिंडीत एक गाव आहे. गावाला एक लाकडी दरवाजा आहे. त्या दरवाजात एक पोरगी बसते, हातात लोखंडी कड्यांची काठी घेऊन. दर भागात बाहेरून कुणीतरी चाल करून येतं. कधी डोंगराएवढा राक्षस, कधी नुसता धूर, कधी गोड बोलणारा देखणा माणूस. पोरगी उठून उभी राहते, एक छोटं वाक्य बोलते आणि मग काठी उचलते. तिचं नाव तामाकी. पण कार्टूनमधली माणसं तिला हाक मारायची ती आम्हाला ‘तामाक्का’ अशी ऐकू यायची. आमच्याकडं खालच्या बाजूला कर्नाटक, त्यामुळं थोरल्या बहिणीला अक्का म्हणायची चाल. ती गावाची थोरली बहीण आहे हे आम्हाला कुणी समजावून सांगायला लागलं नाही. तामाकीची तामाक्का झाली आणि सगळ्या शाहूपुरीत तेच नाव पडलं.

तर ते छोटं वाक्य. पहिल्या भागात राक्षस दारात येऊन उभा राहिला, तामाक्का उठली, तिचे ओठ हलले. मला वाटलं क्रांती आता ‘थांब दुष्टा’ वगैरे काहीतरी ठोकणार. ती माइक तोंडाजवळ नेऊन हळूच म्हणाली, ‘जेवलासा का, पावणं?’

मी हसायला तोंड उघडलं आणि हसू बाहेरच आलं नाही. अंगावर काटा आला. त्या राक्षसापेक्षा मला त्या पोरीची भीती वाटली.

हे वाक्य तिनं कुठनं आणलं ते तिनं मला नंतर सांगितलं. ते धोंडुबाईचं. ही मंडळी मूळची कोडोलीची. क्रांतीचा बाप लवकर गेला. तेरावं झाल्यावर दीर आले, धोंडुबाईचं सामान भरून तिला माहेरी पोचवायला ट्रॅक्टरच घेऊन आले. आता ही बाई रडेल, शिव्या देईल, पाया पडेल, याची तयारी करून आलेली माणसं ती. धोंडुबाई दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली. मागं पदर धरून क्रांती. लग्न होऊन आल्यापासून ज्यांना भाऊजी भाऊजी म्हणत रोज ताट वाढलं, त्या माणसांना तिनं विचारलं, ‘जेवलासा का, पावणं?’

परक्या माणसाला पावणं म्हणणं ही आमची रीत आहे, रस्त्यावर पत्ता विचारणाराही पावणाच. पण घरच्याला, त्याच्याच घराच्या दारात पावणं म्हणणं, म्हणजे तुझं ताट या घरातून उचललं असं त्याच्या तोंडावर सांगणं. सगळ्या घराचा स्वयंपाक धोंडुबाई करायची. ते जेवलेले नाहीत हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार. थोरला दीर खाली बघून ‘जेवलो’ म्हणाला आणि ट्रॅक्टर रिकामाच मागं फिरला. पुढं धोंडुबाईनं कोडोली सोडली, पण स्वतःच्या मनानं आणि स्वतःच्या पायानं. शाहूपुरीत दोन खोल्या घेतल्या आणि खानावळ काढली.

तर तामाक्का जे बोलायची ते हे होतं. दर रविवारी सगळी गल्ली श्वास धरून त्या वाक्याची वाट बघायची. पोरं खेळताना दारात काठी घेऊन उभी राहायची आणि ते वाक्य आवाज उतरवूनच म्हणायची, कारण ते तसंच म्हणायचं असतं हे त्यांना कळायचं.

त्या पोरांतला एक राजस. विमला मॅडमचा मुलगा. मॅडम शाळेत शिकवायच्या, दुपारी घरी कुणी नसायचं, म्हणून राजस शाळेतून सुटला की धोंडुबाईकडं जेवायला. ‘राजस, जेवलास का रं?’ असं क्रांती गल्लीच्या तोंडापासून विचारायची आणि उत्तर यायच्या आत ताट वाढायला घ्यायची. तोही तिला अक्काच म्हणायचा. आमच्यात बसला की ‘मी गेलतो, मी आलतो, व्हय की’ असं झकास बोलायचा. संध्याकाळी घरी गेला की ‘मी गेलो होतो.’ एखादं ‘न्हाई’ चुकून घरात सांडलं तर मॅडम ते त्याच्याकडून पुसून घ्यायच्या. चुकीचं काही करत नव्हत्या त्या, त्यांनाही पोरगं शिकवायचं होतं. पण एक जीभ बाहेरच्या जगात मिरवायची आणि एक जीभ नुसती हसण्यापुरती, हे त्या पोराच्या डोक्यात तेव्हाच बसलं असणार, असं आता मला वाटतं.

कॅसेटी संपल्या, केबल मोठ्या कंपन्यांनी गिळली, गणपतराव वारले. क्रांतीचं लग्न झालं आणि मोडलंही, त्याबद्दल ती बोलत नाही आणि मीही लिहिणार नाही. आईकडं परत आली, फौंड्रीत लागली. राजस मुंबईला गेला. परदेशी मालिकांना मराठी आवाज लावायच्या धंद्यात तो मोठा माणूस झाला. आम्हाला अभिमान होता. खोटं कशाला बोलू, मीच चार लोकांना सांगत हिंडायचो.

आणि मग ही नवी तामाकी आली.

जपान्यांनी ती मालिका नव्यानं केली. मोबाइलवर झलक बघितली आणि माझं डोकं फिरलं. पोरीचे केस गुलाबी. काठीतून निळा उजेड. राक्षस म्हणे वाईट नाहीतच, त्यांना लहानपणी कुणी माया केली नाही. आणि दरवाजा? पहिल्याच भागात ती स्वतः लाथ घालून मोडते आणि जग बघायला निघते. अरे, दरवाजाच मोडल्यावर तामाक्का उरली कुठं? मी तणतणत क्रांतीकडं गेलो आणि मोबाइल तिच्या हातात दिला. तिनं ते शांतपणे शेवटपर्यंत बघितलं.

‘एवढी वर्सं दारात हुबी ऱ्हायलीया ती,’ क्रांती म्हणाली, ‘जाऊ दे की तिला भाईर एकदाची.’

माझी हवाच गेली. जुनं ते सगळं जपून ठेवायचं असा तिचा हट्ट कधीच नव्हता, हे लक्षात ठेवा. नंतर राजस लोकांना सांगत होता, की अक्काला बदल झेपला नाही. साफ खोटं आहे. बदल मला झेपला नव्हता.

त्यानंतर राजसचाच फोन आला आणि पाठोपाठ तो स्वतः. या नव्या मालिकेला मराठी आवाज लावायचं काम त्याच्याकडंच आलं होतं. धोंडुबाईच्या पाया पडला, पाटावर बसून भाकरी आणि आमटी ओरपली आणि म्हणाला, ‘अक्का, तामाक्काचा आवाज तुझाच पाहिजे. दुसऱ्या कुणाचा चालणारच नाही.’

मी तिथं होतो. शब्द न शब्द हाच.

त्या दिवसापासून क्रांती बदलली. फौंड्रीत वाळूची धूळ घशात जाते म्हणून तोंडाला दुहेरी फडकं बांधायला लागली. लोणचं बंद, ताक बंद, सकाळी आलं आणि मध. मी गच्चीवर वायर जोडायला गेलो की पलीकडच्या गच्चीवर ही वाळत घातलेल्या साड्यांना राक्षस समजून बोलत असायची. धोंडुबाईनं विचारलं, तू काय बोलणार गं त्यात? क्रांती म्हणाली, तुझंच वाक्य. म्हातारी लाजली. माझं कशाला आणि टीव्हीत, असं म्हणाली, पण दिवसभर खानावळीत येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत बसली. सगळ्या जन्मात त्या बाईचं एक वाक्य कुणी उचलून धरलं होतं, ते हे.

स्टुडिओ इथंच, शाहूपुरीतल्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर. क्रांतीनं रजा टाकली, इस्त्रीची साडी नेसली. मला म्हणाली, चल, घाबरलोय मी. आमच्या बायका ‘मी आलो, मी घाबरलो’ असंच म्हणतात, हे बाहेरच्यांना माहीत असावं म्हणून सांगतो, कारण पुढं त्यावरही एक विनोद आहे.

काचेपलीकडं राजस आणि यंत्रावरचा माणूस. अलीकडं क्रांती, कानावर हेडफोन, समोर पडदा. पडद्यावर ती गुलाबी केसांची पोरगी आली, तर तिचा आवाज आधीच लावलेला होता. पुण्याच्या कुणा मुलीचा. ‘मी आता निघाले. मला अडवू नका.’ गोड होता आवाज, त्या मुलीचा काही दोष नाही. क्रांतीनं काचेतून राजसकडं बघितलं. त्यानं हातानं खूण केली, थांब, तुझं पुढं आहे.

पुढं दरवाजा आला. दरवाजाशेजारी एक जाडी म्हातारी बसलेली. एका हातात कोंबडीची तंगडी, कपडे तेलकट, नाक लाल. राक्षस येतो तशी ती ढेकर देत उठते, काहीतरी बोलते आणि चिखलात घसरून पडते. पडद्याच्या कोपऱ्यात तिचं नाव मराठीत लिहिलं होतं. तामाक्का.

जपानी मालिकेत त्या म्हातारीला नावच नव्हतं. राजसनं ठेवलं होतं. पोरगी ती तामाकी, आणि तामाक्का ही. म्हणजे तो खोटं बोलला नव्हता. तामाक्काचा आवाज तुझाच पाहिजे म्हणाला होता, तामाक्काचाच दिला. हे असं खोटं न बोलता फसवणारी माणसं मला बिलकूल सहन होत नाहीत. त्यापेक्षा तोंडावर खोटं बोललेलं बरं.

समोरच्या कागदावर म्हातारीची वाक्यं होती. एका ठिकाणी ती ‘मी आलो’ म्हणते, आणि शेजारचं पात्र विचारतं, ही बाई आहे का बुवा? त्याच्या खाली, ढेकरेनंतर, ‘जेवलासा का, पावणं?’

क्रांतीनं ते वाक्य म्हटलं. नेहमीसारखं. आवाज उतरवून, सावकाश. पडद्यावर ती म्हातारी तंगडी हलवत होती आणि आवाज कोडोलीच्या दारातला. ते दोन्ही एकमेकांना चिकटेनात. यंत्रावरचा माणूस राजसकडं बघायला लागला.

राजसनं बटण दाबलं. मस्त आहे अक्का, म्हणाला, पण इथं हसू यायला पाहिजे. जरा गावठी कर.

तिनं विचारलं गावठी म्हणजे कसं. तो म्हणाला, तू बोलतेस तसंच, फक्त थोडं जास्त. मग तिनं विचारलं, की ती पोरगी का बोलत नाही असं. तो म्हणाला, ती हिरॉईन आहे ना, तिचं बोलणं सगळ्या महाराष्ट्राला कळायला हवं. हे त्यानं अगदी प्रेमानं सांगितलं. त्यात काही वाईट आहे असं त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

क्रांतीनं कागदावरचं ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाली, ‘राजस, ल्हानपनी तामाक्का हे बोलली की तू हसायचास का रं?’

‘नाही,’ राजस म्हणाला. ‘काटा यायचा अंगावर.’

‘मग आता कशापायी हसायचं?’

मग त्यानं समजूत घातली. ही आदरांजली आहे अक्का, जुन्या मालिकेला, तुला, आपल्या कोल्हापूरला. लोक वेडे होतील. आदरांजली आमच्याकडं मेलेल्या माणसाला वाहतात, हे माझ्या ओठावर आलं होतं. मी गिळलं.

क्रांतीनं हेडफोन काढून नीट खुंटीला अडकवले. तिनं त्याला समजावून सांगितलं. म्हातारी जाडी असू दे, चिखलात पडू दे, तंगडी खाऊ दे, सगळं करतो मी. नाव बी ठेव. पण ह्या एका वाक्यावर हसू आणायचं नाही. हे माझ्या आईचं आहे. त्यानं धोंडुबाईची आणि ट्रॅक्टरची गोष्ट लहानपणी तिच्याच ताटावर बसून ऐकली होती, त्याला नवीन काही नव्हतं. ‘तू बग मनाला इचारून,’ ती म्हणाली. ‘मी वाट बगतो.’ अजून ती त्याला ‘तू’ म्हणत होती.

‘बघतो अक्का,’ तो म्हणाला.

ती वाट बघत राहिली. हे मला फार लागतं. फौंड्रीतून आली की आधी मोबाइल बघायची. आल्याचा काढा चालूच होता. मी म्हटलं, सोड गं नाद. ती म्हणाली, आपल्यात जेवलेलं पोरगं हाय, न्हाई करायचं तसं.

त्यानं तसंच केलं. मालिका आली ती जाहिरातीसकट आली. म्हातारीला आवाज कुणा दुसऱ्याच बाईचा, जिनं आमची बोली बहुधा तमाशाच्या विनोदातच ऐकली असावी. मोठी ढेकर, मग नाकातून ‘जेवलाऽऽसा का पाव्हणंऽऽ’ आणि धपकन चिखलात. तेवढाच तुकडा काढून लोकांनी मोबाइलवर फिरवला. आठवडाभरात जिकडंतिकडं तेच. चहाच्या गाड्यावर तेच, लग्नाच्या वरातीत तेच, रिक्षावाल्याच्या फोनची रिंग तीच. आणि हसणारे कोण? आपलेच. मला वाटलं होतं कोल्हापूर चिडेल. कोल्हापूर खूश झालं. आपली भाषा आली म्हणून लोक एकमेकांना पेढे भरवल्यासारखे ते तुकडे पाठवत होते. कुणी तुमच्या आईची नक्कल करतोय आणि तुम्ही टाळ्या पिटताय, हे कुणाला सांगायचं?

फौंड्रीत जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्या खात्यांतली पोरं ढेकर देऊन तेच म्हणायची. क्रांती डबा घेऊन उठून बाहेर जाऊन बसायची.

एका रविवारी मी त्यांच्याकडं बसलो होतो. शेजारची राजनंदिनी आली, दुसरीतली पोर, गोड आहे. दारात उभी राहून तिनं पोट पुढं काढलं, खोटी ढेकर दिली आणि धोंडुबाईला म्हणाली, जेवलाऽऽसा का पाव्हणंऽऽ. आणि दारातच धपकन पडायचं नाटक केलं. धोंडुबाईला आता कमी ऐकू येतं. ढेकर तिच्या कानापर्यंत पोचली नाही. शब्द तेवढे पोचले. तिचा चेहरा असा उजळला, की मला बघवेना.

‘जेवलो की गं बाई,’ ती म्हणाली. ‘तुमी जेवलासा?’

पोर हसत पळाली. म्हातारी क्रांतीकडं वळून म्हणाली, बघ, अजून पोरं म्हणत्यात. क्रांती मान हलवून व्हय म्हणाली आणि आत जाऊन भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी होती ती.

तिला रडताना मी बघितलेलं नाही, त्या दिवशीही नाही. पण त्यानंतर ती राजसचं नाव घेईनाशी झाली.

परवा राजस कोल्हापुरात आला. कुठल्याशा मंडळानं त्याचा सत्कार ठेवला होता. कोल्हापूरची बोली घराघरांत पोचवल्याबद्दल. आमच्या घराघरांत ती आधी नव्हतीच जणू, यानंच वायर ओढली. सत्काराच्या आधी त्यानं मला चौकात गाठलं. गळ्यात पडला. म्हणाला, अक्का फोन उचलत नाही, रागावलीय म्हणे, चल ना माझ्याबरोबर. हातात पेढ्यांचा पुडा होता. सकाळपासून काही खाल्लं नाही, मंडळाच्या लोकांनी मिसळ आणली तीही परत पाठवली, म्हणाला, धोंडुबाईकाकूंच्या हातची भाकरी खायची म्हणून पोट रिकामं ठेवलंय. तो हे मनापासून म्हणत होता. त्याचं प्रेम खोटं नव्हतं, आणि नुसता लबाड असता तर मला हे सगळं सोपं गेलं असतं.

मी का गेलो? मला बघायचं होतं. आणि कुठंतरी वाटत होतं, की हा पाया पडेल, चुकलो म्हणेल, ती चार शिव्या घालेल आणि ताट वाढेल. मुडद्या म्हणाली तरी पुरे होतं.

दार उघडंच होतं. खानावळीची वेळ होती, आतून आमटीला फोडणी दिल्याचा वास येत होता. राजसनं चपला काढल्या आणि पायरीवर पाय ठेवून मोठ्यानं हाक मारली, ‘अक्का, मी आलो.’

क्रांती आतून आली. हात ओले होते, ते तिनं पदराला पुसले. दारात उभी राहिली आणि एक हात चौकटीला लावला. मी राजसच्या मागं खालच्या पायरीवर होतो. मला तो हात दिसला आणि मी पुढचा पाय मागं घेतला. तोही थांबला. चौकटीवरच्या हाताची गोष्ट त्यानं याच घरात ऐकली होती, त्याला ओळखू येणारच.

तो म्हणाला, अक्का, ऐक ना. त्यानं पुडा पुढं केला. तिनं तो घेतला नाही, पुड्याकडं बघितलंही नाही. ती राजसकडंच बघत होती, फार वेळ नाही, पण पुरेसं. मग ती आवाज उतरवून, सावकाश म्हणाली, ‘जेवलासा का, पावणं?’

आतून धोंडुबाईनं विचारलं, कोण आलंय गं?

राजसच्या मानेवरची शीर मला मागून दिसत होती. पुड्याचा दोरा त्यानं बोटाला घट्ट गुंडाळला, बोट पांढरं झालं. आमटीचा वास येतच होता.

‘जेवलो,’ तो म्हणाला.

त्यानं चपला हातात घेतल्या आणि माझ्या शेजारून खाली उतरून गेला. मी तिथंच उभा होतो. सकाळपासून तो उपाशी होता हे मला माहीत होतं, आणि या दारात तो कधी जेवून येत नाही हे तिला.